पुनर्कथनाचे ऋण : विज्ञानपटांची छोट्या पडद्यावरील रूपे आणि अपेक्षाभंगाचा प्रश्न

अपेक्षाभंग ही रसिकाची खासगी बाब आहे, असे समीक्षेने बहुधा गृहीत धरलेले असते. कलाकृती फसली तर समीक्षक तिची रचना तपासतो, रसभंगाची कारणे शोधतो. रसिकाला काय वाटले याची नोंद मानसशास्त्राकडे सोपवून मोकळा होतो. मात्र अभिजात ठरलेल्या विज्ञानपटांची दूरचित्रवाणीसाठी जी पुनर्निर्मिती गेल्या पन्नास वर्षांत होत आली, तिच्याविषयी प्रेक्षक जे बोलतात ते नीट ऐकले तर या श्रमविभागणीविषयी शंका येऊ लागते. 'जमले नाही' आणि 'असे करायला नको होते' ही दोन विधाने एकाच सुरात उच्चारली जातात, पण त्यांचे तर्कशास्त्र वेगळे आहे. पहिले विधान कौशल्याविषयी आहे. दुसऱ्यात कर्तव्याची भाषा आहे: कोणीतरी कोणाचे तरी काही देणे लागत होते आणि ते दिले गेले नाही, असा त्याचा आशय. ही तक्रार निव्वळ भावुकता मानायची की तिला काही नैतिक आधार आहे, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे.

या तक्रारीविरुद्धचा युक्तिवाद परिचित आहे आणि तो अगदीच कमजोर नाही. मूळ चित्रपट जागच्या जागी आहे. त्याची वाईट आवृत्ती निघाली म्हणून त्याच्या एकाही चौकटीवर ओरखडा उमटत नाही. मूर्ती फोडणे वेगळे आणि तिची ओबडधोबड प्रतिकृती घडवणे वेगळे. दुसऱ्या कृत्यात नुकसान नेमके कोणाचे होते? हा युक्तिवाद ज्या प्रेक्षकाला डोळ्यांपुढे ठेवतो तो महानगरी प्रेक्षक आहे. त्याच्या गावी फिल्म सोसायटी असते, त्याने मूळ कृती आधी पाहिलेली असते आणि नवी आवृत्ती तो तुलनेसाठी पाहतो. जळगाव जिल्ह्यातल्या भडगावसारख्या तालुक्याच्या गावी हा क्रम उलटा होतो. परभाषेतला विज्ञानपट तेथे चित्रपटगृहातून क्वचितच पोहोचला. अंतराळ, यंत्रमानव, परग्रहवासी यांची पहिली भेट बहुतेकांना छोट्या पडद्यावर झाली, आधी दूरदर्शनवर आणि १९९० नंतर केबलवर, पुष्कळदा हिंदी बोलत. अशा ठिकाणी पुनर्निर्मिती मूळ कृतीच्या नंतर येत नाही. ती आधी येते आणि अनेकांच्या बाबतीत कायमची तिच्या जागी बसते.

मराठी वाचकाला हा क्रम नवा नाही. ज्यूल व्हर्न महाराष्ट्रातल्या कित्येक वाचकांना भेटला तो भा. रा. भागवतांच्या मराठीत; पुढे त्यांतल्या फारच थोड्यांनी तो अन्य भाषेत वाचला असेल. भागवतांनी मुलांसाठी लिहिताना संक्षेप केला, भाषा मोकळी आणि खेळकर ठेवली. तरी त्यांच्यावर विश्वासभंगाचा आरोप कोणी केल्याचे ऐकिवात नाही. म्हणजे काटछाट हा दोष नव्हे, आणि दुय्यमता हाही नव्हे. ऐकणाऱ्याला मूळ ठाऊक नसते तेव्हा सांगणाऱ्यावर साक्षीदाराची जबाबदारी येते, एवढे मात्र मान्य करावे लागेल. साक्षीदाराने सगळे सांगितलेच पाहिजे असे नाही. त्याने ज्या गोष्टीसाठी त्याला बोलावले तीच गाळून चालणार नाही.

आपल्या काव्यशास्त्राने या प्रश्नाची एक बाजू फार पूर्वी हाताळली आहे. कवीकवींच्या अर्थांमध्ये आढळणाऱ्या साम्याला आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्द्योतात 'संवाद' म्हटले आणि त्याचे तीन प्रकार कल्पिले: आरशातल्या प्रतिबिंबासारखा, चित्रातल्या आकृतीसारखा आणि एका देहधाऱ्याचे दुसऱ्या देहधाऱ्याशी असावे तशा साम्याचा. पहिले दोन त्याला त्याज्य वाटतात. तिसरा त्याला मान्य आहे, कारण तेथे चेहरामोहरा सारखा असला तरी आत वसणारा आत्मा निराळा असतो. राजशेखराने पुढे 'काव्यमीमांसे'त 'परपुरप्रवेशसदृश' हा चौथा प्रकार जोडला. त्यात मुळाचे ऐक्य राहते, पण बांधणी दूर गेलेली असते. जुन्या वस्तूचा पुन्हा वापर हा या परंपरेला मुळीच गुन्हा वाटत नाही, आणि 'मौलिकता' नावाच्या अलीकडच्या दैवताची पूजाही ती करत नाही. तिची चौकशी एकच आहे: या देहात कोणी राहते का?

परंतु हा निकष काव्यगत आहे, नैतिक नव्हे. निर्जीव प्रतिबिंब हे फार तर निरुपयोगी ठरेल. त्याला अपराध कसा म्हणावे? विज्ञानपटाच्या बाबतीत येथेच काही जास्तीचे मांडावे लागते. दार्को सुविन यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात विज्ञानसाहित्याचे लक्षण सांगताना एका 'नवतत्त्वा'ची कल्पना मांडली. कथाविश्वातली एकच नवी गोष्ट, पण तिच्यामुळे वाचकाचे स्वतःचे जग त्याला परके, म्हणून विचारार्ह वाटू लागते. अभिजात विज्ञानपटाचे वैशिष्ट्य असे की ही परकेपणाची प्रक्रिया शेवटी प्रेक्षकावर येऊन ठेपते. तो चित्रपट प्रेक्षकाला प्रश्न विचारतो आणि उत्तर न देता त्याला घरी पाठवतो. तेव्हा त्याची पुनर्निर्मिती करणारा जे उसने घेतो त्यात पात्रे, वेश, नाव यांबरोबर हा प्रश्नही असतो. नाव घेतले, प्रश्न मात्र परस्पर बाजूला ठेवला, तर व्यवहार पुरा झाला असे म्हणता येणार नाही.

मूळ बदलणे म्हणजे बेइमानी, असा याचा अर्थ होत नाही. 'प्लॅनेट ऑफ द एप्स' हा १९६८ चा चित्रपट पियर बूल यांच्या १९६३ च्या फ्रेंच कादंबरीवर आधारलेला आहे, पण तिचा शेवट त्यात नाही. समुद्रकिनाऱ्यावर वाळूत रुतलेला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा ही चित्रपटाची भर आहे. माकडांचा हा ग्रह दुसरा कुठला नसून आपणच उद्ध्वस्त केलेली पृथ्वी आहे, हे त्या एका दृश्यात उमगते आणि दोन तास ज्यांच्याकडे आपण करमणूक म्हणून पाहत होतो ती सगळी क्रूरता आपल्या खात्यावर जमा होते. बूल यांच्या कादंबरीशी चित्रपट शब्दशः प्रामाणिक नाही. तिच्या प्रश्नाला त्याने अधिक धार दिली. आता १९७४ ची अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका पाहावी. मुखवटे जवळजवळ तेच, माकडांची समाजरचना तीच. मात्र पहिल्याच भागात अंतराळवीरांना एक जुने पुस्तक दाखवले जाते, त्यात भविष्यातल्या न्यूयॉर्कचे चित्र असते, आणि आपण पृथ्वीवरच आहोत हे त्यांना बसल्या जागी कळते. चित्रपटाने जे ज्ञान शेवटी आणि फार मोठ्या किमतीला दिले, ते मालिकेने प्रस्तावनेत वाटून टाकले. पुढे उरतो तो पाठलाग: दर आठवड्याला नवे खेडे, नवे संकट, नवी सुटका. मालिका १४ भागांनंतर आटोपली. तिच्या कर्त्यांना यासाठी फार दोष देता येणार नाही, कारण साप्ताहिक मालिकेचा धर्मच शेवट लांबवण्याचा आणि ज्या कृतीचा सगळा अर्थ शेवटात आहे तिचे या धर्माशी जमणे अवघड. तरी फळ व्हायचे तेच झाले. आनंदवर्धनाच्या शब्दांत हे प्रतिबिंब.

'द अँड्रोमेडा स्ट्रेन'ची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. रॉबर्ट वाइज यांचा १९७१ चा चित्रपट शास्त्रज्ञांच्या एका पथकाविषयी आहे. अवकाशातून आलेल्या सूक्ष्मजीवाशी ते भूमिगत प्रयोगशाळेत झगडतात, आणि शेवटी लक्षात येते की तो जीव आपला आपण बदलून निरुपद्रवी झाला आहे. त्यांच्या बुद्धीचा या सुटकेत जवळजवळ काही वाटा नाही. अणुस्फोटाने त्याचा नाश करायला ते निघाले होते, आणि तो स्फोट झाला असता तर जीव फोफावलाच असता. मनुष्याच्या आवाक्याबाहेर काही आहे आणि ते त्याच्याविषयी उदासीन आहे, हा या चित्रपटाचा थंड, अप्रिय विचार. २००८ च्या दोन भागांच्या दूरचित्रवाणी आवृत्तीत, रिडली आणि टोनी स्कॉट यांच्यासारखी नावे निर्मितीत असताना, हाच जीव भविष्यातल्या माणसांनी भूतकाळात पाठवलेला ठरतो; त्याच्या गाभ्यात संदेश असतो, सोबत शासकीय कारस्थान असते, पर्यावरणाचा धडा असतो. तपशील वाढले, चित्र भरगच्च झाले, आणि विश्वात माणसाखेरीज कोणी उरलेच नाही. समस्या माणसाची, उपाय माणसाचा, पत्रसुद्धा माणसानेच माणसाला लिहिलेले. दोष सगळा आपलाच आहे असे सांगणारी ही आवृत्ती वरवर जास्त नैतिक भासते. वस्तुतः तिने माणसाला एक मोठी सवलत दिली आहे. आपण गौण असू, ही शक्यताच तिने काढून घेतली.

या सगळ्यांत सर्वाधिक बोलके उदाहरण 'फॅरेनहाइट ४५१'चे आहे आणि त्यावर थोडे थांबणे भाग आहे. रे ब्रॅडबरी यांची कादंबरी १९५३ ची, फ्रान्स्वा त्रुफो यांचा चित्रपट १९६६ चा. पुस्तके जाळणे हेच ज्यांचे काम आहे अशा अग्निशामकांपैकी एक, माँटॅग, वाचू लागतो. अक्षर निषिद्ध असलेल्या जगात प्रेक्षकाला उतरवण्यासाठी त्रुफो यांनी श्रेयनामावलीही लिहून न दाखवता वाचून ऐकवली. त्यांची खरी सूझ मात्र दुसरीकडे दिसते. माँटॅगची पत्नी लिंडा आणि त्याला वाचनाकडे वळवणारी तरुणी क्लॅरिस या दोन्ही भूमिका ज्युली क्रिस्टी या एकाच अभिनेत्रीने केल्या आहेत. चेहरा एक, आवाज एक. फरक एवढाच की एक प्रश्न विचारते आणि दुसरी दिवसभर भिंतीवरच्या पडद्यासमोर बसून असते. त्या पडद्यावर एक कौटुंबिक नाटक चालते. मध्येच त्यातली पात्रे लिंडाकडे वळून तिचे मत विचारतात, ती काहीतरी बोलते, आणि आपले मत लक्षात घेतले गेले या समाधानात ती उजळते. पुढे नवऱ्याविरुद्ध खबर देणारी तीच. राज्यसंस्थेच्या आगीला घराघरांतून मिळालेली मूक संमती लिंडाच्या रूपाने पडद्यावर येते. ती दुष्ट नाही, ती प्रेक्षक आहे.

रामिन बहरानी यांनी २०१८ मध्ये एचबीओसाठी याच कथेचा दूरचित्रवाणीपट केला. तो आळशी नाही. जुन्याची नक्कल टाळून आजच्या काळाशी कथा भिडवण्याची त्याची धडपड खरी आहे. पुस्तके जाळताना इमारतींवर पडदे झळकतात, लोकांच्या प्रतिक्रिया चिन्हांच्या रूपात त्यावरून वाहत जातात, सत्तेचे जाळे संगणकीय आहे. मात्र या आवृत्तीत माँटॅगला पत्नीच नाही. पत्नीच्या भूमिकेसाठी अभिनेत्रीची निवड झाली होती. अंतिम आवृत्तीत ते पात्र उरले नाही. एखादे पात्र गळणे ही नित्याची गोष्ट आहे. पण येथे गळलेले पात्र कोणते आणि गाळणारे माध्यम कोणते, हे दोन्ही एकत्र ठेवून पाहावे लागते. दूरचित्रवाणीने एक असा चित्रपट पुन्हा केला की ज्यातली मुख्य आरोपी दूरचित्रवाणीच होती, आणि तो करताना तिने कोचावर बसलेली बाई उठवून दिली. आरोप रस्त्यावरच्या गर्दीवर गेला, संगणकाच्या जाळ्यावर गेला, शासनावर गेला. आपल्या घरात बसून हे सगळे पाहणारा मात्र त्यातून सुटला.

शेवटाचेही तसेच. त्रुफो यांच्या चित्रपटाच्या अखेरीस अरण्यात 'ग्रंथमाणसे' राहतात. प्रत्येकाने एक पुस्तक पाठ करून स्वतःचे नाव टाकले आहे. एक मरणोन्मुख म्हातारा लहान मुलाला आपले पुस्तक ओळीओळीने शिकवतो, आणि हिम पडत असताना मुलगा ते एकटा म्हणू लागतो. खानदेशातल्या वाचकाला या दृश्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. जेथे वहीगायनाची परंपरा गळ्यातून गळ्यात चालत आली, जेथे आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणी ऐकणाऱ्या आप्तांनी टिपून ठेवली म्हणून १९५२ मध्ये पुस्तकरूपाने येऊ शकली, तेथे मजकूर माणसात राहतो म्हणजे काय हे माहीत असते. त्याला आयुष्य द्यावे लागते आणि त्यात काही हरवण्याची जोखीमही असते. २०१८ च्या आवृत्तीत मानवजातीचे सारे वाङ्मय जनुकीय रेणूत साठवून एका पक्ष्यात ठेवले आहे. माँटॅग जिवाचे मोल देऊन त्या पक्ष्याला सोडतो, पक्षी उडून जातो. वाङ्मय वाचते, नायक हुतात्मा होतो आणि पाठांतराचे कष्ट कोणालाच उरत नाहीत. प्रेक्षकाला करायचे असे काही शिल्लकच राहात नाही. 'असे करायला नको होते' या उद्गाराचा आधार येथे सापडतो. कृती कमी पडली हे सहन होते. तिने आपल्याला अकारण निर्दोष सोडले, हे बोचते.

आता भडगावच्या पायथ्याशी वाहणाऱ्या गिरणेच्या काठाने वर जावे. नाशिक जिल्ह्यात, मोसम आणि गिरणा यांच्या संगमावर मालेगाव आहे, यंत्रमागांचे शहर. शुक्रवारी माग बंद असतात आणि माणसे सिनेमाला जातात. येथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० च्या सुमारास 'मालेगाव के शोले' केला आणि पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' हाती घेतला. रिचर्ड डॉनर यांचा १९७८ चा 'सुपरमॅन' हा त्यामागचा आदर्श. माणूस खरोखर उडतो यावर प्रेक्षकाचा विश्वास बसावा म्हणून त्या काळी प्रचंड खर्च करून तयार झालेला चित्रपट. मालेगावात हिरवा पडदा होता आणि आडव्या दांड्यावर पालथा घातलेला कृश अंगाचा मागकामगार शफीक शेख होता. सायकलवर कॅमेरा धरून फिरते छायाचित्रण झाले. फैजा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटात ही सगळी धडपड नोंदलेली आहे.

साधनांच्या मोजपट्टीने ही पुनर्निर्मिती आतापर्यंत चर्चिलेल्या कोणत्याही आवृत्तीच्या पासंगालाही पुरणार नाही. तरी तिच्याविषयी 'करायला नको होते' असे कोणी म्हणत नाही. हे केवळ गरिबीचे कौतुक असेल तर ते संशयास्पद मानले पाहिजे. महोत्सवांतल्या सुखवस्तू प्रेक्षकांच्या हशात त्या कौतुकाचा अंश नक्कीच होता. पण कारण त्याहून खोल आहे. डॉनर यांच्या चित्रपटाचा प्रश्न असा होता की ज्याला सर्व काही करता येते त्याने काय करू नये? पित्याने मानवी इतिहासात ढवळाढवळ करण्यास मनाई केलेली असताना प्रेयसीसाठी काळ मागे फिरवणारा नायक त्या प्रश्नावरच उभा आहे. मालेगावच्या चित्रपटाने हा प्रश्न उलटा करून आपल्या अंगाला लावून पाहिला: ज्याला जवळजवळ काहीच करता येत नाही, ज्याच्या शहरात धूळ, तुंबलेली गटारे आणि बारा तासांची पाळी आहे, त्याने सर्वशक्तिमानाचा वेश चढवला तर काय होते? खलनायक येथे घाणीचे राज्य इच्छिणारा आहे. ते विनोदी आहे आणि खरेही. येथे उड्डाणाचा भ्रम निर्माण करण्याचे वचनच दिलेले नाही, त्यामुळे ते मोडलेलेही नाही. देह तोच, फाटक्या कापडाचा; आत राहणारा निराळा. तुल्यदेही या संज्ञेला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

या कथेला आणखी एक वळण आहे आणि ते सोयीचे नाही. शफीक शेख २०११ मध्ये मुखाच्या कर्करोगाने वारले. २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा चित्रपट प्रदर्शित झाला, व्यावसायिक अभिनेते आणि पुरेशी साधने घेऊन. काही काळाने तो घरच्या पडद्यावरही आला. म्हणजे एका पुनर्निर्मितीच्या धडपडीचीच आता पुनर्निर्मिती झाली. चित्रपट सहृदय आहे, त्याची संहिता जाणकारीने लिहिलेली आहे. पण येथे ऋण चित्रपटाचे नाही, माणसांचे आहे, आणि माणसाला दांड्यावरून उतरवून कथेत बसवताना त्याच्या आयुष्याला उत्कर्षबिंदू द्यावाच लागतो. माहितीपटात शफीक खोकतो, हसतो, वाट पाहत उभा राहतो. त्याच्या उभे राहण्याला काही अर्थ असावा असा आग्रह तेथे नाही. हा रिकामा वेळ कथापटात टिकत नाही. तो टिकायला हवा होता का, याचे उत्तर देताना 'ध्वन्यालोक' फारसा उपयोगी पडत नाही, कारण आनंदवर्धनापुढे साम्य होते ते काव्याचे काव्याशी.

भडगावला लागून असलेल्या चाळीसगाव तालुक्यात पाटण येथे शके ११२८ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन चालू राहावे म्हणून मठ स्थापिला आणि निकुंभ सामंतांनी त्याला दान दिले, ही हकीकत त्यात कोरलेली आहे. 'सिद्धान्तशिरोमणी' पुन्हा पुन्हा सांगितला जावा, एवढ्यासाठी केलेली ती तजवीज होती. वंशाची आणि विद्येची स्तुती संस्कृतात आहे. शेवटी भाषा बदलते आणि मराठी येते: पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावर ग्राहकाकडून राजाला मिळणारा हिस्सा आता मठाला द्यावयाचा आहे. ज्यांच्या खिशातून ते जायचे होते, त्यांना कळावे म्हणून बहुधा.